सुपरचार्जरची घरगुती जोडणी आणि जुळणी : पेण-रोहा परिसरातील हवामान व कायद्याच्या संदर्भात

बीजशब्द : सुपरचार्जर, पुली-गुणोत्तर, हवेची घनता, नॉकिंग, मोटार वाहन कायदा

प्रस्तावना :

मोटारगाडीची शक्ती वाढविण्याची हौस आता केवळ महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांत गॅरेजव्यवसाय चांगला रुजलेला आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील अवजड वाहतुकीमुळे येथील मिस्त्रींना डिझेल इंजिनांचा भरपूर सराव आहे. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायन कारखान्यांचे नळकाम सतत चालू असल्याने लेथकाम व आर्गन वेल्डिंग जाणणारे कारागीरही या भागात मिळतात. त्यामुळे एखाद्या तरुणाने घराच्या अंगणात गाडी उभी करून तिच्या पेट्रोल इंजिनाला सुपरचार्जर बसविण्याचा विचार केला, तर सुटे भाग आणि हात या दोन्ही गोष्टी त्याला जवळपास उपलब्ध होऊ शकतात. उणीव असते ती मोजमापाची. यंत्र बसविणे हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. ते येथील हवेशी, येथील पेट्रोलशी आणि इंजिनाच्या सहनशक्तीशी जुळवून घेणे हे मात्र ऋतू पालटेपर्यंत चालणारे काम आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कामाचे विवेचन प्रामुख्याने केले आहे.

सुपरचार्जर म्हणजे काय :

पेट्रोल इंजिनाची शक्ती त्यात किती पेट्रोल ओतले यावर ठरत नाही. ते पेट्रोल जाळण्यासाठी किती हवा आत गेली यावर ठरते. सामान्य इंजिनात दट्ट्या खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीत बाहेरची हवा आपल्या दाबाने शिरते. सुपरचार्जर हा हवा आत ढकलणारा पंप होय. तो इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून पट्ट्याने फिरविला जातो. ट्रकचालकांच्या बोलण्यात नित्य येणारा ‘टर्बो’ हेच काम करतो. फरक इतकाच की, तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेवर १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत गाड्या ओढण्याचा भार टर्बो असलेल्या डिझेल इंजिनांनीच वाहिला. म्हणजे हवा दाबून इंजिनात भरण्याची कल्पना या परिसराला नवी नाही. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत तिचे परिणाम मात्र वेगळे होतात, आणि डिझेलचा अनुभव असलेले हात तेथेच चुकतात.

या यंत्राचा इतिहासही उद्बोधक आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी १८६० मध्ये एका ब्लोअरचे पेटंट घेतले. दोन पाकळ्यांचे दोन रोटर एकमेकांना न शिवता उलट दिशांनी फिरतात आणि हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लोटतात, ही त्याची रचना. सांडपाण्याच्या टाक्यांत हवा फुंकण्यासाठी कारखान्यांत आजही याच जातीचे ब्लोअर वापरतात. धाटावसारख्या वसाहतीत काम केलेल्या फिटरला सुपरचार्जर उघडून दाखविला, तर तो त्यास चटकन ओळखेल. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये इंजिनात दाबाने हवा भरण्याचे पेटंट घेतले, आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जर असलेल्या गाड्या विक्रीसाठी सादर केल्या. मराठी वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण इंदूरचे आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन बनावटीची डुसेनबर्ग एसजे ही गाडी घेतली व तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर संस्थेकडून बांधून घेतला. डुसेनबर्गचे ६.९ लिटरचे मूळ इंजिन २६५ अश्वशक्तीचे, तर सुपरचार्जरसह तेच इंजिन ३२० अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगत असे. वाढ साधारण २१ टक्के. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण घरगुती जोडणीतून ‘दीडपट ताकद’ मिळण्याची अपेक्षा आजही बाळगली जाते.

पुलीचा व्यास आणि त्यामागील गणित :

उदाहरणादाखल १३०० घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, सुमारे ८५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन घेऊ. २००० च्या दशकात अशा इंजिनांच्या गाड्या जिल्ह्यात सर्वत्र दिसत असत. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सर्व सिलिंडर भरतात. म्हणून एका फेरीला ६५० घन सेंटिमीटर हवेची जागा होते. प्रत्यक्षात त्यातील ८५ टक्के भरते असे मानल्यास इंजिन एका फेरीत सुमारे ५५० घन सेंटिमीटर हवा घेते.

आता एका फेरीत ५०० घन सेंटिमीटर हवा लोटणारा लहान सुपरचार्जर घेतला आणि त्याला इंजिनाच्या १.७ पट वेगाने फिरविले, तर गळती वजा जाता तो इंजिनाच्या प्रत्येक फेरीला सुमारे ७२० घन सेंटिमीटर हवा देतो. म्हणजे इंजिनाला नेहमीपेक्षा ३१ टक्के अधिक हवा मिळते, आणि हवा थंड करण्याची सोय असल्यास आतील दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.४ बारने, अर्थात गॅरेजच्या भाषेत सहा पौंडांच्या आसपास, वाढतो. इंजिनावरील पुली १३० मिलिमीटरची असेल, तर त्यासाठी सुपरचार्जरवर सुमारे ७६ मिलिमीटरची पुली लागते.

येथे एक मोह हमखास होतो. लेथवर आणखी लहान पुली करून घेणे स्वस्त आणि सोपे असते. ७६ ऐवजी ६५ मिलिमीटरची पुली बसविली की गुणोत्तर १.७ वरून २ वर जाते आणि वाढीव दाब ०.४ वरून ०.६५ बारच्या घरात पोहोचतो. केवळ अकरा मिलिमीटरचा हा फरक मूळच्या दट्ट्यांना व कनेक्टिंग रॉडना सोसेल की नाही, याचे उत्तर लेथवाल्याकडे नसते. वस्तुतः पुलीचे माप इंजिन किती दाब सोसू शकते यावरून ठरवावयास हवे, हाती कोणता तुकडा आला यावरून नव्हे.

शिवाय सुपरचार्जर ही शक्ती फुकट देत नाही. वरील उदाहरणात कमाल वेगाला पट्टाच सहा ते आठ अश्वशक्ती ओढून घेतो. ३१ टक्के अधिक हवेतून ही शक्ती व ठिणगी मागे घेतल्याने होणारी घट वजा केली, तर ८५ अश्वशक्तीच्या इंजिनातून प्रत्यक्षात शंभरीच्या आसपास शक्ती हाती पडते. डुसेनबर्गच्या आकड्याशी हे बऱ्यापैकी जुळते.

उष्णता : येथील खरा प्रश्न :

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला लागते तेव्हा हे सर्वांना कळते. ३५ अंश सेल्सिअसची हवा १.४ पट दाबली, तर आदर्श स्थितीतही तिचे तापमान सुमारे ३१ अंशांनी वाढेल. रूट्स पद्धतीच्या साध्या सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास धरल्यास ही वाढ ५७ अंशांवर जाते आणि हवा ९२ अंशांना इंजिनाच्या दारात येते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे दाब ४० टक्क्यांनी वाढूनही घनता केवळ १८ टक्क्यांनीच वाढते. निम्म्याहून अधिक लाभ उष्णतेत हरवतो. हीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड केली, तर घनतेतील वाढ ३३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. लहान पुलीच्या बाबतीत इंटरकूलरपूर्वीचे तापमान १२० अंशांच्याही पुढे जाते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

शक्ती कमी होणे हा त्यातील लहान तोटा. मोठा धोका नॉकिंगचा. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत असताना कोपऱ्यातील अजून न जळलेले मिश्रण अतिदाब व अतिउष्णतेमुळे आपोआप पेटते आणि इंजिनातून खड्यांसारखा आवाज येतो. हा आवाज काही सेकंद जरी भाराखाली चालू राहिला, तरी दट्ट्याच्या रिंगांमधील पट्ट्या तुटू शकतात. डिझेल इंजिनात इंधनाने आपोआप पेट घेणे हीच कार्यपद्धती असते. म्हणून डिझेलवर हात बसलेल्या मिस्त्रीचा कान या आवाजाला दाद देत नाही.

आता या परिसराच्या हवेचा विचार करू. पेण-रोहा समुद्रसपाटीजवळ असल्याने हवेचा दाब पुरेपूर मिळतो. घाटमाथ्यावरील गाडीपेक्षा येथील गाडीला मुळातच अधिक हवा मिळते. परंतु मे महिन्यातील दुपारी ३५ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असेल, तर हवेच्या दाबातील जवळपास ४ टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा असतो, आणि तेवढा प्राणवायू कमी होतो. जानेवारीतील १८ अंशांच्या रात्री हा वाटा एका टक्क्याच्या थोडा वर असतो. तापमान व वाफ यांचा एकत्रित हिशेब केल्यास जानेवारीच्या रात्री इंजिनाला मेच्या दुपारपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक प्राणवायू मिळतो. याचा अर्थ असा की, उन्हाळ्यात काटेकोर बेतलेले इंधनाचे प्रमाण थंडीत कमी पडू शकते, आणि थंडीत बेतलेली ठिणगीची वेळ उन्हाळ्यात नॉकिंगला आमंत्रण देऊ शकते. एकाच दिवशी केलेली जुळणी म्हणूनच अपुरी ठरते.

यात आणखी एक बारकावा आहे. हवेतील वाफ ज्वलन किंचित मंदावते व नॉकिंगला थोडी आवरही घालते. त्यामुळे या भागातील सर्वांत कठीण काळ दमट मे महिन्याचा नसून, जमिनीवरून कोरडे गरम वारे वाहतात तो मार्चचा व ऑक्टोबरचा असतो. रोह्याच्या पूर्वेस कुंडलिकेच्या खोऱ्यात असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाल्याने देशभर चर्चा झाली होती. कोकण म्हणजे दमट आणि सौम्य हवा, या समजुतीवर इंजिनाची जुळणी आधारू नये.

उष्णतेचा दुसरा प्रकार रहदारीतून येतो. गणेशोत्सवात महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागतात. गाडी तासभर रांगेत सरकत राहिली, की इंटरकूलरमधून वारा वाहत नाही आणि सुपरचार्जरचे धातूचे घर, नळ्या व मॅनिफोल्ड सारेच तापून निघते. रांग सुटल्यावर चालकाने एकदम पॅडल दाबले, तर पहिले काही सेकंद इंजिन अतितप्त हवा घेते. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर सुपरचार्जरच्या आधी बसविलेला असेल, तर संगणकाला यातले काहीही कळत नाही. तो इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ बसविणे ही या संपूर्ण जोडणीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची दक्षता होय.

जोडणीची पूर्वतयारी :

प्रथम इंजिनाची प्रकृती तपासावी लागते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून त्यांतील फरक दहा टक्क्यांहून अधिक आढळल्यास सुपरचार्जरचा विचार सोडून द्यावा. थकलेल्या इंजिनावर चढविलेला दाब त्याचे उरलेले आयुष्य संपवितो. पेट्रोलच्या नळीतील दाब आधी मोकळा करणे, बॅटरीचे कनेक्शन काढणे आणि बंद पडवीत इंजिन चालू न ठेवणे हे नियम सर्वांना माहीत असतात, पण घरच्या कामात तेच प्रथम मोडले जातात.

कंस, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट ब्रॅकेट म्हणतात, तो जाड पोलादाचा असावा. सर्व पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे सरळ पट्टीने पाहावे. दीड-दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही पट्टा खातो व बेअरिंग गरम करतो. थ्रॉटल बंद होताच दाबलेली हवा परत वळविणारा बायपास व्हॉल्व्ह टाळून चालत नाही. इंजिनाच्या पोटातील वायू मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह घालणे अनेकदा विसरले जाते. मग वाढीव दाब तेलाच्या खोलीत शिरून सील फोडतो, आणि दोष सुपरचार्जरला दिला जातो. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे घ्यावेत व त्यांची फट सुमारे ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करावी, कारण दाट हवेत ठिणगी लांब उडी घेऊ शकत नाही.

इंधन आणि ठिणगी यांची जुळणी :

१०५ अश्वशक्तीची गरज धरून हिशेब केल्यास इंजिनाला पूर्ण भाराखाली मिनिटाला सुमारे ६३५ मिलिलिटर पेट्रोल लागते. चार इंजेक्टरांत ते वाटून आणि प्रत्येक इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये असे मानून प्रत्येकाची क्षमता मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आसपास यावी लागते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशातील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणास साडेतेरा भागांच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. इंजेक्टर २१५ मिलिलिटरच्या पुढचा हवा. जुन्या लेखांतील वा परदेशी पुस्तिकांतील आकडे जसेच्या तसे घेतले, तर मिश्रण नेमके पूर्ण भाराखाली कोरडे पडते. दुसरीकडे, इथेनॉल बाष्पीभवन होताना अधिक उष्णता शोषून घेते आणि त्याचा ऑक्टेन अंकही वरचा असतो. त्यामुळे सुपरचार्जरच्या दृष्टीने हे पेट्रोल पूर्णतः गैरसोयीचे नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मात्र बदलून घेणे इष्ट.

प्रत्यक्ष जुळणी करताना धुराच्या नळीत वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवून मिश्रणाचे प्रमाण सतत नोंदवावे लागते. कंपनीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर केवळ समतोलाच्या आसपासचीच स्थिती नेमकी सांगतो. दाबाखालच्या घट्ट मिश्रणाबाबत त्याच्यावर विसंबणे म्हणजे अंधारात चालणे होय. दाबाखाली मिश्रण समतोलापेक्षा सुमारे १५ ते २० टक्के घट्ट ठेवण्याची पद्धत आहे. ठिणगीची वेळ प्रत्येक पौंड दाबामागे सुमारे एक अंश मागे घेऊन आरंभ करावा आणि नॉकिंगचा मागमूस नसल्याची खात्री झाल्यावरच अर्ध्या-अर्ध्या अंशाने पुढे यावे. आरंभच पुढच्या वेळेपासून करून ‘आवाज येईपर्यंत’ जाणे ही घातक पद्धत होय. आवाज ऐकू येतो तेव्हा नुकसान सुरू झालेले असते.

हे काम रस्त्यावर करता येईल काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. नागोठणे व कोलाड यांमधील सुकेळी खिंडीचा चढ पूर्ण भार देण्यास सोयीचा दिसतो. परंतु एकाने गाडी हाकायची आणि दुसऱ्याने मांडीवरील संगणकात आकडे बदलायचे, हे सार्वजनिक महामार्गावर करणे इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. पूर्ण भाराची जुळणी डायनोवर, म्हणजे चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरच व्हावयास हवी. त्यासाठी गाडी पुणे वा मुंबईस न्यावी लागली, तरी एका फुटलेल्या इंजिनापेक्षा तो खर्च कमीच असतो. आणि हा खर्च एकदा करून भागत नाही. थंडीत एकदा व कोरड्या उन्हाळ्यात एकदा तपासणी करणे आवश्यक ठरते.

कायद्याची चौकट :

रायगड जिल्ह्यातील ‘एमएच ०६’ क्रमांकाच्या गाड्यांची नोंदणी पेण येथील परिवहन कार्यालयात होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ अधिक स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजीचे किट चालते, मग सुपरचार्जर का नाही, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. त्याचे उत्तर कलमातच आहे. इंधन बदलण्याच्या किटसाठी कायद्याने स्वतंत्र अपवाद ठेवला आहे, आणि असे किट पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावे लागते. अंगणात जोडलेल्या सुपरचार्जरमागे अशी कोणतीही चाचणी नसते. त्याचा धूर, त्याचे ब्रेक आणि त्याचा वेग यांचा मेळ कोणी तपासलेला नसतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व नूतनीकरणासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते, तेव्हा बदललेले इंजिन उघड होतेच. विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बदल विमा कंपनीस कळविला नसेल, तर अपघातानंतरचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते, आणि महामार्गालगतच्या गावातील पादचारी जखमी झाल्यास भरपाईचा भार अखेर मालकाच्या कुटुंबावर येऊ शकतो.

त्यामुळे अशा गाडीला जागा उरते ती बंदिस्त धावपट्टीची. रायगड जिल्ह्यात मोटारशर्यतीचा कायमस्वरूपी मार्ग नाही. सर्वांत जवळची उदाहरणे म्हणजे २०१० च्या दशकात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यती. कोइंबतूर व चेन्नईचे मार्ग हजार किलोमीटरहून दूर आहेत. पेणहून तेथे जाणारी सुपरचार्जरची गाडी स्वतःच्या चाकांवर नव्हे, तर ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागते, आणि या छंदाच्या खर्चाचा हिशेब मांडताना ट्रेलरचे भाडे पहिल्या ओळीत लिहावे लागते.